अतिगरीब कुटुंबांसाठी उपजीविका साहाय्य (कोल्हापूर जिल्हा)

भूमिहीन किंवा मोलमजुरीवर जगणाऱ्या ग्रामीण कुटुंबांना कमाईचे साधन, ते सांभाळण्याची माहिती आणि बचत-कर्जाची सोय पुरवणारे कार्यक्रम. सहकारामुळे सधन ठरलेल्या कोल्हापुरात त्यांचे काय काम, असे बाहेरच्याला वाटते. पण कारखान्याला ऊस घालायचा तर ओलिताखालची जमीन हवी. दूध संस्थेत दूध घालायला गोठ्यात एक दुभती म्हैस पुरते. ‘गोकुळ’ या जिल्हा दूध संघाची स्थापना १९६३ सालची. बिनजमिनीच्या घराला सहकारात शिरायची वाट दुधातूनच.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० मध्ये देशभर लागू झाला. त्यात अनुदान आणि बँककर्जावर जनावर मिळे. म्हैस भाकड झाल्यावर हप्ता कशातून फेडायचा, हा प्रश्न मात्र घरावरच राही. १९९९ च्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेने बचत गटांवर भर दिला. २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले, राज्यात ते ‘उमेद’ या नावाने ओळखले जाते. साधारण दहा ते वीस बायकांचा बचत गट, गटांचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ अशी त्याची उतरंड आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे या पंचसूत्रीवर गट चालतो. शेळ्या-म्हशींच्या प्राथमिक उपचारांसाठी गावातलीच ‘पशुसखी’ असते.

तरी सर्वांत गरीब बाई गटाबाहेर राहण्याचा धोका असतोच, कारण हातावर पोट असताना ठरल्या दिवशी बचत भरणे जड जाते. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेली पद्धत नेमकी याच घरासाठी आहे. शेळ्या किंवा गाय यांसारखे साधन मोफत देतात. ते पोटासाठी विकावे लागू नये म्हणून काही महिने निर्वाहभत्ता, आणि सुमारे दोन वर्षे कार्यकर्त्याची घरी ये-जा. भारतासह सहा देशांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. साहाय्य थांबल्यावर वर्षभरानेही एकंदर फायदा टिकून होता. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्याच रोगाने मेल्या.

कोल्हापुरात साधन निवडताना तालुका पाहावा लागतो. शिरोळ, हातकणंगले, कागलकडे ऊसतोडीच्या हंगामात वैरणीला वाडे (उसाचे हिरवे शेंडे) मिळते, त्यामुळे मजूर घरालाही म्हैस झेपते. हंगाम सरला की वैरण विकत घ्यावी लागते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या डोंगरांतल्या धनगरवाड्यांवर चारा आहे, पण पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि दूध वेळेत खाली पोचत नाही. तिथे शेळी बरी. ती चालत बाजारात जाते.