मेजर ओक : ढोली, दंतकथा आणि दाबली गेलेली माती

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये एडविन्स्टो गावाला लागून शेरवूडचं जंगल आहे. तिथलं मेजर ओक हे ओकचं झाड ८०० ते १००० वर्षांचं मानतात. खोडाचा घेर सुमारे ११ मीटर, फांद्यांचा पसारा २८ मीटर, वजन अंदाजे २३ टन. नावातला 'मेजर' म्हणजे लष्करातला हुद्दा. हेमन रूक या निवृत्त मेजरांनी १७९० मध्ये या भागातल्या जुन्या ओकांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यांचा हुद्दा झाडाला चिकटला. त्याआधीचं नाव कॉकपेन, म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, कारण झुंजीचे कोंबडे याच्या ढोलीत ठेवत.

इंग्रजी दंतकथांतला दरोडेखोर रॉबिन हूड याच ढोलीत लपायचा आणि गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचं लग्न लागलं, असं तिथे सांगतात. पण त्याच्या कथांच्या काळात, म्हणजे १२०० च्या सुमाराला, हे झाड एक तर रोप असणार, नाहीतर फार तर दोनशे वर्षांचं, भरीव खोडाचं. ओक पोकळ व्हायला शतकं जातात. बुरशी आतला मृत गाभा खाते. सालीलगतचं जिवंत लाकूड पाणी वर नेत राहतं, म्हणून ढोली पडूनही झाड हिरवं असतं.

झाडाचं खरं नुकसान झालं ते या कथेच्या ओढीनं आलेल्या पावलांनी. ओकची अन्न शोषणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या थरातच पसरतात. माणसं वर्षानुवर्षं बुंध्याशी उभी राहिली की माती दबते, तिच्यातली हवेची जागा मिटते, पाणी मुरत नाही, मुळांना साथ देणारी बुरशी मरते. मग शेंडे वाळू लागतात. १९७० च्या दशकात कुंपण घातलं. ते आणखी आधी हवं होतं. दबलेली माती कुदळीनं मोकळी करता येत नाही, मुळं तुटतात. हवेच्या झोतानं ती सैल करून वर लाकडाच्या सालपटांचा थर द्यावा लागतो, आणि सुधारणा दिसायला वर्षं जातात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फांद्यांना साखळ्या बांधल्या, पुढे टेकू आले. आपल्या वडाला पारंब्यांचे खांब मिळतात, ओकला ती सोय नाही. म्हातारा ओक खरं तर जड फांद्या टाकून आखूड होतो आणि तसाच जगत राहतो. टेकूंनी त्याला ते करू दिलं नाही. आता टेकू काढले तर इतकी वर्षं त्यांच्यावर विसावलेल्या लांब फांद्या मोडतील.