कॅसिओ घ्यायचा की सिंथ?

आमच्या सोलापुरात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, विजेवर चालणारं काहीही दिसलं की त्याचं नाव कॅसिओ. मग ते यामाहाचं असो नाहीतर रोलँडचं. तेच हुतात्मा स्मृती मंदिराच्या स्टेजवर ऑर्केस्ट्रात दिसलं की त्याचा सिंथेसायझर होतो. बोलण्यापुरतं ठीक आहे, पण पैसे मोजायची वेळ आली की हा घोळ महागात पडतो. मला पडलाय.

भजनी मंडळात वाजवायला म्हणून मी हौसेनं एक जुना सिंथ घरी आणला. वायर लावली, दिवे लागले, पट्ट्या दाबल्या. बघायला आलेला मित्र म्हणाला, "आवाज येईना की बे!" येणार कुठून? बहुतेक सिंथना स्वतःचा स्पीकरच नसतो. हेडफोन नाहीतर अॅम्प्लिफायर लागतो. म्हणजे मंडळात जायचं तर मशीन, स्टँड, वायरी आणि स्पीकर, सगळं लटांबर रिक्षात.

आपण नुसतं कीबोर्ड म्हणतो तो बहुधा अरेंजर कीबोर्ड असतो. त्यात तयार आवाज, तयार ताल आणि स्पीकर असतात; बऱ्याच साध्या मॉडेलमध्ये सेलही घालता येतात, त्यामुळे लाइट गेली तरी कार्यक्रम अडत नाही. डाव्या हातानं पांढरी एक, तीन आणि पाच एकदम दाबली की मशीन सी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा जुडगा) ओळखतं आणि ड्रम, बेस, गिटार त्या कॉर्डमध्ये सुरू होतात. उजवा हात चाल वाजवायला मोकळा. गाणाऱ्या ताईंनी आयत्या वेळी "काळी एक" सांगितलं तर ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय, एकनं वाढवायचा, बोटं आहेत तिथंच. बारशाला, गणपतीत एकट्यानं बाजू लावून धरायची असेल तर यासारखं काही नाही.

सिंथ हे मुळात आवाज घडवायचं यंत्र. एक पट्टी दाबून धरा. ऑसिलेटर कच्चा, करकरीत सूर काढतो. आता फिल्टरचा कटऑफ हळूहळू कमी करा. वरची चुरचुर निघून जाते आणि कुणीतरी डोक्यावरून सोलापुरी चादर घेऊन गातंय असं वाटायला लागतं. अॅटॅक वाढवला की सूर एकदम न उमटता फुगत फुगत येतो. रिलीज वाढवला की बोट उचललं तरी मागे रेंगाळतो. अर्धा तास जातो, गाणं एकही वाजलेलं नसतं. यात ज्याला मजा वाटते त्यानंच सिंथ घ्यावा.

नावांचा घोळ काही एकट्या सोलापूरचा नाही. १९७० च्या मिनीमूग या सिंथवर एका वेळी एकच सूर निघायचा आणि आवाज नॉब फिरवूनच जमवावा लागे. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथ आला. त्याची आवाज घडवायची एफएम पद्धत इतकी किचकट, की बहुतेकांनी आतले तयार आवाजच वाजवले. तिथून पुढे सिंथ म्हणजे 'भारी आवाजांचा कीबोर्ड' अशीच समजूत होत गेली.

भजनाचं मात्र गणित निराळं. मशीनचा ताल ठरलेल्या लयीत चालतो. आपलं भजन संथ सुरू होतं आणि गजराला पोचेपर्यंत पखवाजवाला कुठच्या कुठं गेलेला असतो. तेव्हा ताल सरळ बंद ठेवायचा. यामाहाच्या पीएसआर-आय५०० सारख्या खास भारतासाठी काढलेल्या मॉडेलमध्ये तबला-तानपुरा आहे. तो घरच्या रियाजाला छान, फडावर नको.

पेटीवाल्यांना आणखी एक गोष्ट नडते, टच रिस्पॉन्स. पेटीत आवाजाचा जोर भात्यावर असतो, इथं बोटाच्या वेगावर. त्यामुळे सुरुवातीला एक सूर खणखणीत आणि पुढचा गिळलेला, असं होतं. सेटिंगमध्ये टच बंद करता येतो. मी महिनाभर बंद ठेवला आणि हात तसाच आडमुठा राहिला, म्हणून सांगतो, चालूच ठेवा. पेटीत न येणारी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मात्र पिच बेंडच्या चाकानं बरीच साधते. सहसा ते काळी-पांढरी धरून दोन घरं वर किंवा खाली जातं. सिंथवर चाक बहुधा असतंच. स्वस्त कीबोर्डवर ते आहे का, बघून घ्या.

मिडी कंट्रोलर नावाचं तिसरं प्रकरण दुकानात शेजारीच ठेवलेलं असतं. दिसतं तसंच, पण सहसा त्याच्या पोटात आवाजच नसतो. कॉम्प्युटर किंवा मोबाइल जोडल्याशिवाय ते मुकं.

पहिलंच वाद्य घेत असाल तर माझं मत सरळ आहे: ६१ पट्ट्यांचा, टच असलेला कीबोर्ड. त्यातल्या तयार आवाजांचा कंटाळा आला की मग सिंथचा विचार करा. जुनं घेताना प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात वाजवून पाहा, आणि अॅडॉप्टर मूळचाच आहे का विचारा. पिन बसली म्हणून कुठलाही लावू नका. व्होल्ट तर जुळायला हवेतच, पण पिनच्या आतलं टोक धन की ऋण, तेही मशीनवरच्या खुणेशी ताडून घ्या.