पार्श्वभूमी: सेवाग्राम, चिमूर आणि अहिंसेचा अवघड प्रश्न

सेवाग्रामच्या आश्रमात साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा अजून जपून ठेवला आहे. साप निघाला की मारायचा नाही, चिमट्यात धरून पिंजऱ्यात घालायचा आणि दूर रानात सोडून यायचा, अशी तिथली रीत. पण त्याच गांधीजींनी १९४६ मध्ये, देशात धान्याची टंचाई असताना, अहिंसेच्या नावाखाली जनावरांना उभं पीक खाऊ देणं हे पाप आहे, असं लिहून ठेवलं. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपायी रात्र-रात्र जागल करणाऱ्या आमच्या शेतकऱ्यापर्यंत चिमट्याची गोष्ट पोचली, ही दुसरी पोचली नाही. अहिंसा म्हणजे मुकाट सोसणं, हा समज त्यातूनच पक्का झाला.

खरं तर १९२० मध्येच त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की भ्याडपणा आणि हिंसा या दोहोंतूनच निवड करायची असेल तर मी हिंसेचा सल्ला देईन. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समोरचा माणूस लाज, दया, लोकनिंदा कशालाच बधत नसेल तर?

हा प्रश्न वर्ध्याजवळच्या एका खेड्यात येऊन थडकला तो नोव्हेंबर १९३८ मध्ये. जर्मनीत ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनास्थळं जाळली गेली आणि काही दिवसांतच गांधीजींनी शेगावहून (याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं) लेख लिहिला. माणुसकीसाठी एखादं युद्ध कधी समर्थनीय ठरू शकलं असतं तर ते जर्मनीविरुद्धचं ठरलं असतं, पण माझा कुठल्याच युद्धावर विश्वास नाही, असं त्यात होतं. ज्यूंनी सत्याग्रह करावा, मरण आलं तर तेही हसत घ्यावं, हा सल्लाही होता.

त्यावर १९३९ च्या फेब्रुवारीत जेरुसलेमहून मार्टिन बूबर यांनी लांबलचक पत्र लिहिलं. बूबर हे स्वतः जर्मनी सोडून आलेले ज्यू तत्त्वज्ञ, आणि गांधीजींविषयी त्यांना आदर होता. गांधीजींनी तुलनेला घेतलेला दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरचा अन्याय आणि जर्मनीतल्या छळछावण्या एका मापानं मोजता येत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. सत्याग्रहीचं मरण ही एक साक्ष असते. ती पाहणारं, ऐकणारं कोणी नसेल तर ती कोणापर्यंत पोचायची? मला हा युक्तिवाद आजही खोडता येत नाही. या पत्राला गांधीजींचं उत्तर उपलब्ध नाही.

जवळच्या माणसांनाही हे पेललं नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, त्याच महिन्यात वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणी भरली आणि परकीय आक्रमणापुढे पूर्ण अहिंसेच्या वाटेनं आपण गांधीजींसोबत जाऊ शकत नाही, असं तिनं ठरावातच नोंदवलं. ऑक्टोबरात पवनारला विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले, युद्धाविरुद्ध बोलले आणि तुरुंगात गेले.

मग ‘छोडो भारत’ आंदोलनातला १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातलं चिमूर एकाच दिवशी पेटलं. आष्टीत लोक ठाण्यावर झेंडा लावायला गेले, गोळीबार झाला. माणसं पडली आणि पोलीसही मारले गेले. चिमुरात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गोळीनं गेला. संतापलेल्या जमावानं उपविभागीय अधिकारी आणि नायब तहसीलदार यांच्यासह पोलिसांना ठार केलं. त्यानंतर गोऱ्या सोजिरांची तुकडी गावात शिरली. पुरुष धरून नेलेले, घरं उघडी. बायांवर अत्याचार झाले.

सेवाग्राम आश्रमातले जयकृष्ण भन्साळी हे ऐकून गप्प बसू शकले नाहीत. ते दिल्लीला लोकनायक बापूजी अणे यांच्या दारात जाऊन बसले. अणे यवतमाळचे, आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. चिमूरची चौकशी करा, एवढीच मागणी. सरकारनं भन्साळींना धरून परत पाठवलं. ११ नोव्हेंबरला त्यांनी उपोषण धरलं ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत, ६३ दिवस. चिमूरची बातमी छापायला वर्तमानपत्रांना बंदी होती, ती उठली. ज्या चौकशीसाठी जीव पणाला लावला, ती मात्र झाली नाही.

सेवाग्रामचाच विचार या दोन्ही ठिकाणी आहे, पण मला त्यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. १९३८ च्या लेखात मरायचं होतं दुसऱ्यांनी. भन्साळींनी आपलं शरीर झिजवलं आणि चिमूरच्या एकाही बाईला ‘तू सोस’ असं सांगितलं नाही. अहिंसेचा सल्ला देणाऱ्याला मी तरी आधी हेच विचारीन, की पणाला लागलेला जीव कोणाचा आहे?

विदर्भातच या प्रश्नाला आणखी एक धागा मिळाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अहिंसेबद्दल बुद्धाची भूमिका त्यांनी वेगळी मांडली होती: ती बांधून टाकणारा नियम नव्हे, वागण्याची दिशा देणारं तत्त्व आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धानं फरक केला, असं ते म्हणतात. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्लेल्या समाजाला फक्त ‘सोसा’ सांगणं किती निर्दय ठरलं असतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

या मापानं चिमूरकडे पाहिलं तर अंगावर गोळ्या येत असताना केलेला प्रतिकार एकीकडे राहतो आणि हाती सापडलेल्या अधिकाऱ्यांना ठार करणं दुसरीकडे. त्या दिवशी एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, याचा निवाडा फाशीच्या शिक्षा सुनावणाऱ्या कोर्टानं सरकारच्या बाजूनं केला. त्या शिक्षा पुढे मोठ्या लोकक्षोभानंतर जन्मठेपेवर आल्या. चिमूरच्या बायांची बाजू कुठल्याच कोर्टात उभी राहिली नाही.