चाक निखळलं तरी विमान उतरतं. चिकलठाण्याला वेळच मिळाला नाही

विमानाचं चाक निखळल्याची बातमी आली की मराठवाड्यात हटकून औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून उडालेल्या विमानाच्या १९९३ मधल्या अपघाताचा विषय निघतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कांडल्याहून मुंबईला निघालेल्या स्पाइसजेटच्या विमानाचं एक चाक उड्डाणाच्या वेळीच गळून पडलं. विमान मुंबईत सुखरूप उतरलं. मग चिकलठाण्याला एवढा अनर्थ का झाला?

जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पुस मॉथ या छोट्या विमानाची चाकं कायम बाहेरच असायची. पुढे वेगासाठी चाकं आत ओढून घेणारी विमानं आली आणि ती ऐनवेळी बाहेर न येण्याची धास्तीही आली. डकोटा या जुन्या प्रवासी विमानाची चाकं आत घेतल्यावरही थोडी बाहेर राहत, त्यामुळे पोटावर उतरूनही नुकसान कमी होई. आजच्या जेट विमानांत चाकं हलवणारा हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाचा, दाब गेला तरी चाकांचं कुलूप वेगळ्या यंत्रणेने सोडता येतं आणि ती स्वतःच्या वजनाने खाली येतात.

१ नोव्हेंबर २०११ ला पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, ही दुसरी यंत्रणाही चालली नाही. अमेरिकेतल्या नेवार्कहून आलेल्या बोईंग ७६७ मध्ये २३१ जण होते. हायड्रॉलिक द्रव सुरुवातीलाच गळून गेला होता. विमानाने शहरावर तासभर घिरट्या घातल्या, लढाऊ विमानांनी जवळ येऊन चाकं आतच असल्याची खात्री केली, खाली अग्निशमन दल सज्ज झालं. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी विमान पोटावर उतरवलं आणि कुणालाही गंभीर इजा झाली नाही. नंतर विमान उचलून कॉकपिटमधला उडालेला एक सर्किट ब्रेकर (वीजपुरवठा तोडणारी कळ) दाबला, तर चाकं निमूट बाहेर आली!

औरंगाबादच्या विमानाला असा तास मिळालाच नाही. २६ एप्रिल १९९३ च्या दुपारी इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७ मुंबईकडे झेपावलं. आत ११८ जण. धावपट्टी संपली तरी पुरेशी उंची आली नव्हती, आणि टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. रस्त्यापासून जेमतेम सात फुटांवर विमानाचं डावं मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. पुढे काही किलोमीटरवर विमान उच्चदाबाच्या तारांना लागून कोसळलं. ५५ जण गेले, ६३ वाचले. चाक आणि इंजिन दोन्हींवर घाव, उंची नाही, इंधन जाळत विचार करायला आकाश नाही.

चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या: वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक विमानतळ यंत्रणेने रोखली नाही. मला दुसरी गोष्ट जास्त बोचते. तिथे एक फाटक आणि एक माणूस पुरला असता. पुढे धावपट्टी वाढली, आज ती सुमारे ९३०० फुटांची आहे.

मे २०२१ मध्ये नागपूरहून रुग्णाला घेऊन हैदराबादला निघालेल्या एअर अँब्युलन्सचं चाक उडतानाच निखळलं. वैमानिकाने विमान थेट मुंबईला नेलं. तिथे धावपट्टीवर फेस पसरला होता, विमान पोटावर घसरत थांबलं आणि रुग्णासह पाचही जण वाचले. लांब धावपट्टी, मोठं अग्निशमन दल आणि जवळ रुग्णालयं हवीत म्हणून असं विमान मोठ्या विमानतळाकडे नेतात. उद्या नांदेड किंवा लातूरहून उडालेलं विमान बिघाडानंतर मागे न फिरता मुंबई-हैदराबादकडे निघालं, तर आतल्या नातेवाइकांच्या काळजीने फोन फिरवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: वैमानिक वेळ विकत घेतो आहे.