जुनं व्हर्जन परत टाकलं म्हणून डेटा परत येत नाही

हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटनंतर आकडे विस्कटले की बेळगावात पहिला सल्ला ठरलेला: "जुनं व्हर्जन टाक की, सगळं येतंय परत." खडेबाजारातला दुकानदार हेच सांगतो, उद्यमबागेतल्या फौंड्रीचा अकाउंटंटही हेच सांगतो. वैताग याचा की कॉम्प्युटर दुरुस्त करणारेही हेच सांगतात.

रोलबॅक काय असतं हे सगळ्यांना माहीत आहे. नवं व्हर्जन काढायचं, जुनं बसवायचं. अनइन्स्टॉल, रीइन्स्टॉल, डाउनग्रेड यांतला फरक घोळत बसू नका. यातलं काहीही केलं तरी हात लागतो तो प्रोग्रामला. रिस्टोअर ही वेगळीच गोष्ट. त्यात प्रोग्राम आहे तोच राहतो, बिघडलेल्या फायलींच्या जागी बॅकअपमधल्या चांगल्या फायली येतात.

सगळा घोटाळा होतो तो इथे. अपडेट नुसता प्रोग्राम बदलून थांबत नाही. पहिल्यांदा उघडताना तो तुमच्या जुन्या नोंदी वाचतो, नव्या पद्धतीने पुन्हा लिहितो आणि त्याच फायलीत ठेवतो. लिहिताना चूक झाली की ती चूक आता डेटात असते, प्रोग्राममध्ये नाही. निपाणीच्या वखारीतला खोटा काटा बदलला म्हणून आधी तोललेल्या तंबाखूच्या बोदांचं वजन वहीत आपोआप दुरुस्त होत नाही, तसंच हे.

तारखेचं उदाहरण घ्या. समजा, अपडेटने काही जुन्या बिलांमधला दिवस आणि महिना अदलाबदल केला. 3 एप्रिल 2024 चं बिल 4 मार्च 2024 चं झालं, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात गेलं. 25 एप्रिलचं बिल मात्र जागेवरच, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणून तेरा तारखेपासून पुढची बिलं बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं, आणि जीएसटी रिटर्न भरताना आकडे जुळेनासे झाले की मग धावपळ. आता जुनं व्हर्जन टाका. ते इमानेइतबारे 4 मार्चच दाखवेल, कारण फायलीत तेच लिहिलं आहे. कंपनीने सुधारित अपडेट दिला तरी त्याने नव्या एंट्र्या नीट पडतील. जुनी बिलं तशीच.

तिसरा मार्ग दुरुस्तीचा: एक छोटा प्रोग्राम चालवून तारखा परत उलटवायच्या. हा मार्ग चांगला, पण आंधळेपणाने चालवला तर खरोखर मार्चमध्ये केलेलं बिलही एप्रिलमध्ये जाईल. अपडेटनंतर नीट पडलेल्या एंट्र्याही बिघडतील. आणि दोनदा चालवला तर पुन्हा पहिलाच घोळ. खरं 4 मार्च कोणतं आणि खोटं कोणतं हे बिल नंबरच्या क्रमावरून ओळखता येतं. पण ते ओळखायला माणूस लागतो. 'रिपेअर'चं बटण दाबून चहाला जाणाऱ्यांवर माझा खास राग आहे.

दुरुस्ती शक्य आहे की नाही, हे माहिती फायलीत शिल्लक आहे का यावर ठरतं. आपल्या भागात हे नावांमध्ये फार दिसतं, कारण एकाच यादीत मराठी, कानडी आणि इंग्रजी नावं असतात. अपडेटनंतर मराठी नावांच्या जागी रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांचा कचरा दिसत असेल तर घाबरू नका. अक्षरं साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे साठवणीच्या तीन छोट्या तुकड्यांचं असतं. ते बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचले जाताहेत. असा डेटा बहुतेक वेळा जसाच्या तसा परत मिळवता येतो.

पण प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि ती तशीच सेव्ह झाली असतील, तर खेळ संपला. प्रत्येक चिन्ह पुसून त्याजागी एक प्रश्नचिन्ह बसलेलं असतं. अक्षर आणि मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात, म्हणून 'निपाणी'ची सहा प्रश्नचिन्हं होतात. 'बेळगाव'चीही सहा, 'चिकोडी'चीही सहाच. 'खानापूर'ची सात. सहा प्रश्नचिन्हांवरून गिऱ्हाईक कुठलं हे ना जुनं व्हर्जन सांगेल, ना नवं. तिथे बॅकअपच पाहिजे, नाहीतर कागदी बिलबुकं काढून बसा.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही हेच घडलं आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा 1809 हा अपडेट 2 ऑक्टोबर 2018 ला काढला आणि चारच दिवसांत थांबवला. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसरीकडे वळवले होते, पण काही फायली जुन्या जागीच राहिल्या होत्या, त्यांचे ते जुने फोल्डर अपडेटने फायलींसकट उडवले होते. 13 नोव्हेंबरला सुधारित अपडेट आला. त्याने पुढच्यांचं नुकसान टळलं, गेलेल्या फायली त्यातून आल्या नाहीत. ज्यांच्या फायली गेल्या त्यांना कंपनीचं सांगणं होतं की कॉम्प्युटर शक्यतो वापरू नका आणि आम्हाला फोन करा. डिलीट झालेल्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं की फाइल कायमची जाते. आपल्याकडे लोक नेमकं उलट करतात, आधी रोलबॅक, म्हणजे त्याच डिस्कवर आणखी लिखाण.

2023 च्या नोव्हेंबरात गूगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरच्या ॲपमधून फायली गायब झाल्या, तेव्हा गूगलनेही आधी हेच बजावलं: अकाउंट तोडू नका, ॲपचा डेटा फोल्डर हलवू नका. मग आलेल्या नव्या व्हर्जनमध्ये फायली परत मिळवण्याची सोय वेगळी दिली होती. नुसतं नवं व्हर्जन टाकून भागलं नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. एंट्री ताबडतोब बंद. बिघडलेल्या डेटाची आहे तशी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, कारण बॅकअपनंतर केलेली बिलं फक्त त्यातच आहेत. रोज रात्री आपोआप होणारा बॅकअप थांबवायचा. एकाच पेनड्राइव्हवर रोज तेच नाव देऊन बॅकअप घेणाऱ्यांचा चांगला बॅकअप त्या रात्रीच बिघडलेल्याने पुसला जातो, आणि असे लोक शहापुरात काय, खानापुरात काय, ढिगाने आहेत. मग रिस्टोअर करायचं ते वेगळ्या फोल्डरमध्ये. चालू डेटावर कधीच नाही. दोन्ही शेजारी उघडून बिलं ताडून बघायची आणि मधल्या दिवसांची तेवढी हाताने भरायची. कंटाळवाणं काम आहे, पण शेवटी हिशेब जुळतो.

रोलबॅकही लागतो, नाही असं नाही. सुधारित अपडेट यायला वेळ असेल तर नवं नुकसान थांबवायला तोच उपाय. फक्त आधी विचारा की जुनं व्हर्जन नव्या पद्धतीने लिहिलेली फाइल उघडतं का. न उघडलं तर बरंच. अर्धवट उघडून सेव्ह करू लागलं तर एकाचे दोन घोळ होतात.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन कराल तेव्हा 'कधी नीट होणार' एवढंच विचारू नका. अपडेटने कोणत्या नोंदी बदलल्या, कोणत्या तारखेपासून, आणि सुधारित अपडेट जुन्या नोंदींना हात लावतो की फक्त नव्यांना, हे व्हॉट्सॲपवर लिहून मागा. उत्तरात नुसतं 'रीइन्स्टॉल करा' आलं, तर डेटाचा फोल्डर कॉम्प्युटरमध्ये नेमका कुठे आहे हे त्यालाच दाखवायला लावा, आणि तोपर्यंत कशालाही हात लावू देऊ नका.