दलमची सेना झाली तेव्हा

डिसेंबर लागला की आमच्या भागात एसटीच्या मुक्कामी गाड्या बंद व्हायच्या. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा या तालुक्यांत आतल्या गावी रात्र काढणारी गाडी दिवस मावळायच्या आत तालुक्याला परतायची. सकाळी रस्त्यावर झाड आडवे पाडलेले दिसे, त्यावर लाल कापडाचा बॅनर आणि दगडाखाली दाबून ठेवलेली पत्रके. वर्तमानपत्रांत या दिवसांना सरसकट ‘नक्षल सप्ताह’ म्हणतात. पण सप्ताह दोन आहेत. २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा मेलेल्यांच्या आठवणीचा, तर २ ते ८ डिसेंबर हा एका सेनेच्या स्थापनेचा. पीपल्स लिबरेशन गुरिल्ला आर्मी, म्हणजेच पीएलजीए, हे माओवाद्यांच्या त्या सेनेचे नाव. गडचिरोलीच्या जंगलात बंदुका आल्या १९८० मध्ये आणि त्यांना ‘सेना’ हे नाव मिळाले २००० मध्ये. मधल्या २० वर्षांत त्यांना एकच नाव होते, दलम. या नावबदलाकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. माझ्या मते गेल्या २५ वर्षांत इथल्या गावांनी जे भोगले, त्यातले बरेचसे त्या बदलातून आले.

या मुलखात शस्त्र उचलण्याची परंपरा जुनी आहे. १८५८ मध्ये चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जमीनदारांनी गोंड आणि रोहिल्यांना सोबत घेऊन इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यातल्या मोलमपल्लीच्या तरुण जमीनदाराला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी दिले. आज ती आठवण सगळेच पक्ष आपापल्या सोयीने सांगतात. पुढच्या गोष्टीसाठी त्याहून महत्त्वाचे वर्ष १९५१. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. जमीनदाऱ्या गेल्या आणि जमीनदारांचे जंगल सरकारच्या ताब्यात आले. बापजाद्यांपासून कसलेली जमीन वनखात्याच्या कागदावर ‘अतिक्रमण’ झाली. आपल्याकडे तिला जबरानजोत म्हणतात. ती वाचवायला नाकेदाराला, म्हणजे जंगलाच्या राखणदाराला, कधी कोंबडा, कधी तूप, कधी फुकटची मजुरी द्यावी लागे. दलम आले तेव्हा गावांनी त्यांना भाकर का घातली, हे कळायला या नाकेदाराचा राग पुरेसा आहे. नक्षलबारी आणि १९६७ सालच्या कथा वाचकांना माहीत आहेत, त्या सोडतो.

‘दलम’ हा शब्द तेलुगू. मूळ ‘दल’ हा संस्कृत शब्द, त्याला तेलुगू प्रत्यय लागला. निजामाविरुद्धच्या तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात, १९४६ ते १९५१ या काळात, गावोगावच्या हत्यारबंद टोळ्यांना हेच नाव होते. म्हणजे गोदावरी आणि प्राणहिता ओलांडून माणसांच्या आधी शब्द आला असावा. सिरोंच्याकडे घराघरात तेलुगू बोलतात, तिथे हा शब्द परका वाटलाच नाही. १९८० मध्ये आंध्रातल्या पीपल्स वॉर या नव्या नक्षलवादी पक्षाने नदीपलीकडे मोजक्या माणसांच्या तुकड्या पाठवल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिरोंचा तालुक्यात त्यांच्यातला एक तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. तेव्हा गडचिरोली जिल्हा झालाही नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला.

सुरुवातीच्या दलमची बंदूक हे दुय्यम हत्यार होते. पहिले काम तेंदूपत्त्याच्या भावाचे. ज्यांनी फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता गोळा करण्याच्या ठिकाणी, पुडे मोजून घेतलेले पाहिले आहेत त्यांना हे सांगावे लागणार नाही, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, होते, मग नवी कोवळी पाने फुटतात, मे महिन्यात तोडाई. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. रानात पहाटेपासून राबलेल्या बाईचे पुडे फळीवरचा मुंशी मनाला येईल तसे बाद करायचा. ठेकेदार जो भाव सांगेल तो भाव. दलमने या भावात हात घातला आणि तो वाढला. बांबूकटाईच्या मजुरीतही तेच झाले. ही वाढ खरी होती, ती लोकांच्या हातात पडली, आणि ती नाकारून या जिल्ह्याचा इतिहास लिहिता येणार नाही. फेब्रुवारी १९८४ मध्ये अहेरीकडे कमलापूरला आदिवासी शेतकऱ्यांची परिषद ठरली होती. पोलिसांनी ती होऊ दिली नाही. माणसे जमून, भाषणे करून, ठराव मांडून जे करू पाहत होती, ते त्या दिवशी बंद झाले. पुढे टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला आणि शेकडो आदिवासींवर लागला. ज्याने दलमला एक वेळ जेवण दिले तो, आणि ज्याच्या घरी जेवणाची वेळच आली नाही तोही त्यात सापडला.

ज्या फळीवर भाव वाढला तिथूनच पैसाही येऊ लागला. ठेकेदाराने मजुरी वाढवायची आणि वर दलमलाही द्यायचे, असा व्यवहार बसला. पैसा आला की हत्यारे येतात, आणि हत्यारांपाठोपाठ ती सांभाळणारी, जंगलातच राहणारी, शेतीशी संबंध तुटलेली माणसे लागतात. १९९० च्या डिसेंबरमध्ये जिल्हा पोलिसांनी सी-६० पथक उभे केले. ६० स्थानिक तरुण, गोंडी-माडिया बोलणारे, याच रानात वाढलेले. त्यातल्या प्रत्येक तुकडीला तिच्या कमांडरच्या नावाने ‘पार्टी’ म्हणतात. जंगलातल्यांनाही बऱ्याच गावांत ‘पार्टी’च म्हणत. रात्री दार वाजले आणि बाहेरून ‘पार्टी आहे’ असा आवाज आला, तर कोणती, हे दार उघडल्यावरच कळे. १९९१ मध्ये अहेरी भागातल्या एका लोकप्रतिनिधीला पळवून जंगलात ठेवले गेले. तोवर तेंदूच्या भावावर ठेकेदाराशी बोलणारी टोळी थेट सरकारशी बोलू लागली होती.

आता मुद्द्याचा निर्णय. २ डिसेंबर १९९९ रोजी तेलंगणातल्या कोय्यूरच्या जंगलात पक्षाच्या केंद्रीय समितीचे तीन सदस्य मारले गेले. बरोबर वर्षाने, २ डिसेंबर २००० रोजी, पक्षाने आपल्या सगळ्या दलमांना मिळून एक सेना जाहीर केली. तेव्हा तिच्या नावात ‘लिबरेशन’ नव्हते. २१ सप्टेंबर २००४ रोजी आंध्रातला पक्ष आणि बिहार-झारखंडातली दुसरी संघटना एक झाल्या तेव्हा आजचे नाव आले. दुखवट्याच्या दिवसाला स्थापनेचा दिवस केला गेला. सेनेचा जन्म सूडाच्या तारखेला झाला, हे तिच्या पुढच्या वागण्यात मला सतत दिसत राहिले.

समर्थकांचे म्हणणे असे की सेनेशिवाय सत्ता घेता येत नाही, विखुरलेली दलमे एकेक करून संपवली जातील. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. नव्वदीच्या दशकात आंध्रात तसेच घडत होते. पण सेनेची जी रचना ठरली ती नीट पाहिली पाहिजे. तीन थर. वर मुख्य दल, म्हणजे प्लाटून, कंपनी आणि पुढे दक्षिण बस्तरात उभी राहिलेली बटालियन. मध्ये दुय्यम दल, म्हणजे आपल्या ओळखीची कसनसूर, पेरमिली, गट्टा, टिपागड, चातगाव ही दलमे. आणि खाली पायाभूत दल, जनमिलिशिया. हा तिसरा थर म्हणजे खुद्द गाव. घरी राहून धान रोवणारा, घरात एखादी भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, असलेला किंवा तीही नसलेला, निरोप पोचवणारा, तांदूळ गोळा करणारा, सांगितले तर रस्ता खोदणारा माणूस. दलमच्या काळात हा माणूस दलमला मदत करणारा गावकरी होता. २००० नंतर संघटनेच्याच तक्त्यावर तो सैनिक झाला. त्याला कुणी विचारले नव्हते.

आणि पोलिसांनी तो तक्ता जसाच्या तसा मान्य केला. दोन्ही बाजूंचे ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत झाले, त्यातली ही एक. त्यातून गावात तटस्थ कुणी उरलाच नाही. एकाच्या वहीत जो मिलिशिया, तो बाजारातून परत येताना पोलीस मदत केंद्रावर चहा प्यायला थांबला की दुसऱ्याच्या वहीत खबऱ्या. जिल्ह्यात आजवर ५०० च्या वर सामान्य नागरिक माओवाद्यांच्या हातून मेले आहेत. शहीद पोलिसांच्या दुपटीहून हा आकडा जास्त आहे. मेलेले बहुतेक आदिवासी होते. प्रेताशेजारी चिठ्ठी असे, ‘पोलिसांचा खबरी’. जनतेच्या नावाने काढलेल्या सेनेचा हा हिशेब मी कितीही वेळा मांडला तरी जुळत नाही.

इथेच ‘गृहयुद्ध’ या शब्दाचा गुंता येतो. माओवादी याला ‘जनयुद्ध’ म्हणतात, काहीजण ‘यादवी’, सरकारच्या कागदात ‘डावा कडवेपणा’ किंवा नुसतीच ‘अंतर्गत सुरक्षा’. शब्दांचा हा वाद पंडितांचा वाटेल, पण गावासाठी तो जगण्या-मरण्याचा आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांत एक समान कलम ३ आहे. देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही लढाईत भाग न घेणाऱ्याला मारता येणार नाही, पकडलेल्याचा छळ करता येणार नाही, असे ते दोन्ही बाजूंना बजावते. भारताने ते करार मान्य केले आहेत, मात्र इथे असा संघर्ष चालू आहे हे सरकार मान्य करत नाही. करायचे तर समोरच्याला पक्षकाराचा दर्जा दिल्यासारखे होते, ही सरकारची अडचण मी समजू शकतो. दुसऱ्या बाजूला आपल्या कैद्यांना युद्धकैदी म्हणा असे म्हणणारे, आपण पकडलेल्या गावकऱ्याला मात्र जनअदालतीत, म्हणजे स्वतःच भरवलेल्या न्यायसभेत, उभे करून त्याच रात्री संपवत होते. युद्ध म्हणावे तर त्याचे नियम दोघांनाही नको होते. नियमांची गरज होती ती फक्त ज्याच्या हातात बंदूक नव्हती त्याला.

एप्रिल २०१८ मधली भामरागड तालुक्यातली घटना या संदर्भात आठवते. कसनासूर-बोरियाजवळ इंद्रावतीच्या काठी चकमक झाली, पुढच्या काही दिवसांत मृतांचा आकडा ४० च्या घरात गेला. गट्टेपल्लीच्या काही आईबापांनी सांगितले की आमची मुले लग्नाला म्हणून घरून निघाली होती. पोलिसांनी सांगितले की ती नुकतीच दलममध्ये भरती झाली होती. लग्नाचा वऱ्हाडी आणि सेनेचा शिपाई यांत फरक करायला आपल्याकडे शब्दच उरला नाही, अशी वेळ २००० च्या त्या तक्त्याने आणली.

सेनेचे राजकारण म्हणावे तर ते बहुतांशी नकाराचे राहिले. मतदानावर बहिष्कार, सरपंचांचे राजीनामे, रस्त्याला विरोध, टॉवरला विरोध. २००९ हे तिच्या ताकदीचे वर्ष. १ फेब्रुवारीला मरकेगावला १५ पोलीस, २१ मे रोजी हत्तीगोट्याजवळ १६, त्यात ५ महिला पोलीस, आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीत १७. विधानसभेचे मतदान पाच दिवसांवर आले होते. लष्करी भाषेत हे यश असेल. पण त्याच वर्षी १५ ऑगस्टला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला. जबरानजोतीच्या, बांबूच्या, नाकेदाराच्या ज्या प्रश्नावर दलम जंगलात आले होते, त्याचे उत्तर एका ग्रामसभेने चर्चा करून, एकमताने ठराव घेऊन, सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून मिळवले. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. बंदुकीला जे ३० वर्षांत जमले नाही ते झाले, आणि सेनेकडे त्यावर बोलायला काही नव्हते.

माओचे जुने वचन आहे की पक्षाने बंदुकीवर हुकूम चालवायचा, बंदुकीने पक्षावर नाही. २०१८ मध्ये सेनेच्या केंद्रीय लष्करी आयोगाचा प्रमुखच पक्षाचा सरचिटणीस झाला. आमच्या गावांत हे त्याच्या कितीतरी आधी होऊन गेले होते. तेंदूच्या भावावर तासभर बोलणारा दादा दिसेनासा झाला होता, आणि जेवणाचा हुकूम देऊन निघून जाणारा कमांडर तेवढा उरला होता.

पुढचे सगळे वेगाने घडले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा चालक गेला. १३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याच्या जंगलात केंद्रीय समितीच्या सदस्यासह २६ माओवादी एका दिवसात मेले. जुलै २०२४ मध्ये वांडोलीजवळ १२. २१ मे २०२५ ला अबुझमाडात तो लष्करी आयोगातून आलेला सरचिटणीसही मारला गेला. त्यानंतर पक्षाच्या सर्वोच्च वर्तुळातल्या एका ज्येष्ठाने हत्यारे खाली ठेवण्याची भाषा केली, तेव्हा उरलेल्यांनी त्याला गद्दार ठरवून बजावले की तुझ्याकडची हत्यारे पक्षाची आहेत, ती पक्षाला परत कर. चार दशके जंगलात काढलेल्या माणसाशी शेवटचा वाद बंदुकांच्या मालकीवरून झाला. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याने आणखी ६० जणांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरणागती पत्करली. त्या दिवशी ५४ हत्यारे जमा झाली.

शरण आलेल्यांपैकी काहीजण आता चामोर्शी तालुक्यात कोनसरीच्या पोलाद कारखान्यात कामाला जातात. तिथले लोहखनिज सुरजागडच्या पहाडावरून येते. त्याच पहाडावर २५ डिसेंबर २०१६ रोजी दलमने खनिज वाहून नेणारी ७५ च्या वर वाहने जाळली होती.