चाळीतला कांदा आणि थांबण्याची किंमत

ऑगस्टमध्ये कांद्याच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, पाऊल टाकलं की आत काय चाललंय ते डोळ्यांआधी नाकाला समजतं. नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात माझ्या मामांची पंचवीस टनांची चाळ आहे. बाहेर रिपरिप पाऊस, आत गोडसर उग्र वास. मामा कडेकडेने हळू चालतात, मध्येच थबकतात, फटीत हात घालतात आणि नेमका पाणी सुटलेला कांदा बाहेर काढतात. ‘हा राहिला असता तर आठ दिवसांत शेजारच्या दहांना घेऊन गेला असता,’ असं म्हणत तो बांधावर भिरकावतात. या कामाला मामांच्या नाकाइतकं स्वस्त यंत्र अजून मला दिसलेलं नाही.

दरवर्षी एप्रिलमध्ये ट्रॅक्टरच्या रांगा लासलगाव, पिंपळगाव, उमराण्याकडे लागतात आणि भाव कोसळतात. मग शहरातल्या नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न येतो: भाव पडलेला दिसतोय, तर मग विकता कशाला? थांबा की दोन-चार महिने! हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. गरीब देशांतले शेतकरी सगळ्यात स्वस्ताईच्या दिवसांत माल का विकतात, यावर अर्थशास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं डोकं खाजवलं आहे.

१९७९ चं अर्थशास्त्राचं नोबेल विकसनशील देशांवरच्या कामासाठी दोघांना विभागून मिळालं. सेंट लुशिया बेटावर जन्मलेले आर्थर लुइस म्हणत होते की शेतात गरजेपेक्षा जास्त हात अडकलेले असतात, ते कारखान्यांत गेले की देश पुढे सरकतो. दुसरे थिओडोर शुल्ट्झ. त्यांचं म्हणणं असं की पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हिशेबाला कच्चा नसतो. हाताशी जे आहे त्यातून निघेल तेवढं तो काढतोच. त्याला कमी पडतं ते नवं ज्ञान आणि नवी साधनं. नाशिकने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. सातपूर, अंबडची औद्योगिक वसाहत आणि ओझरचा विमान कारखाना ही लुइसची वाट. निफाड, चांदवड, देवळ्याची शेतं मात्र शुल्ट्झच्या बाजूने बोलतात, आणि कांद्याची गोष्ट त्याच बाजूची आहे.

मामांचा एप्रिलचा हिशेब पाहा. पीककर्जाची मार्चएंडची तारीख आणि उन्हाळ कांदा एकाच सुमारास दारात उभे राहतात. मागोमाग लग्नसराई, मग जूनमध्ये बियाणं, खत, पोरांची फी, वह्या-पुस्तकं. पैशाची गरज सगळी याच तीन महिन्यांत, आणि गावातल्या प्रत्येकाची हीच गत. म्हणून सगळे एकदम विकायला निघतात, आणि सगळे एकदम निघाले म्हणूनच भाव पडतो. थांबायची अक्कल सगळ्यांना असते, थांबायची ऐपत थोड्यांना.

बरं, ऐपत असली तरी कांद्याने थांबायला हवं ना!

कांदा ही मेलेली वस्तू नव्हे. काढल्यावरही तो श्वास घेतो, साठवलेली साखर थोडी थोडी जाळतो आणि त्यातून ऊब सोडतो. पात पिवळी पडून मान, म्हणजे पात आणि गड्डा जोडणारा भाग, मोडते, त्या काळात पातीतून वाढ रोखणारी द्रव्यं गड्ड्यात उतरतात आणि आतला कोवळा डोळा झोपी जातो. ही झोप म्हणजे सुप्तावस्था. साठवणुकीची सगळी कला ही झोप लांबवण्याची आहे. म्हणून तर जुनी माणसं निम्म्याहून अधिक माना पडेपर्यंत काढणी करत नाहीत, काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडतात आणि पात कापताना इंचभर मान ठेवतात. मान वाळून घट्ट मिटली की बुरशीला दार बंद. युरियाचा हात सैल सुटलेला कांदा दिसायला गलेलठ्ठ असतो, पण त्याची मान जाड राहते. तो चाळीत टिकत नाही.

चाळीत कांद्यावर तीन संकटं येतात आणि तिन्ही आपापला मोसम धरून येतात. एप्रिल-मे मध्ये उष्णता पाणी शोषते. कांद्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे नुसतं वजन घटतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमट हवेत काजळी धरते, सड लागते. ऑक्टोबरमध्ये रात्री गार होऊ लागल्या की झोप मोडते आणि कोंब फुटतात. चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल जाणं आपल्याकडे नवलाचं नाही.

यात एक गंमत आहे. गारठ्यात माल टिकतो असं आपण धरून चालतो, पण कांद्याला सगळ्यात वाईट तापमान १० ते २० अंशांचं. त्यात कोंब झपाट्याने येतात. कांदा एकतर शून्य ते दोन अंशांवर नीट झोपतो, नाहीतर २५ ते ३० अंशांच्या उबेत. मधलं काही त्याला चालत नाही. त्यामुळे अर्धवट गार शीतगृहात कांदा नेऊन टाकला की घात होतो, आणि आपली साधी चाळ, जी कुणाला मागास वाटेल, ती उबेच्या बाजूने बरोबर गणित मांडते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच फळी, खालून हवा, चार फुटांची रुंदी, पाच फुटांच्या आसपास थर. कांद्याच्या श्वासाची ऊब वर जाते आणि खालची हवा तिची जागा घेते. वीज लागत नाही, पंखा लागत नाही. जास्त माल बसावा म्हणून रुंदी सहा फूट केली की मधल्या कांद्यांची ऊब अडकते आणि सड तिथूनच सुरू होते. असा मोह आमच्या घरातही एकदा झाला होता. त्या वर्षीचा विषय मामींसमोर काढत नाहीत.

आता पैशाचं गणित. समजा, एप्रिलमध्ये भाव क्विंटलला १,२०० रुपये आहे आणि चाळीत १०० क्विंटल भरला. आज विकला तर १ लाख २० हजार. पाच महिन्यांत ३५ टक्के गेला तर उरला ६५ क्विंटल. तेवढेच पैसे परत यायला भाव किमान १,८४६ हवा. मधल्या काळात घरखर्चाला महिना शेकडा तीनने पैसे उचलले असतील, तर पाच महिन्यांचं व्याज १८ हजार. मग २,१२३ च्या खाली सगळा तोटाच. आता दुसरं टोक घ्या. नीट वाळवलेला, निवडलेला माल, घट १५ टक्के, आणि बँकेचं वर्षाला ७ टक्क्यांचं कर्ज. अशा वेळी १,४५३ ला बरोबरी होते. निवडायला लावलेल्या बायांची मजुरी यात धरलेली नाही. तीही धरा, दोन टोकांमधलं अंतर फारसं बुजत नाही. एकच गाव, एकच पीक, एकच बाजार. एक जण १,६०० ला हसत विकतो, दुसरा त्याच भावात बुडतो. दोघांमध्ये फरक आहे तो मानेच्या जाडीचा आणि व्याजाच्या दराचा.

व्याजाचा भाग केनियात प्रत्यक्ष प्रयोग करून तपासला गेला. तिथले मक्याचे शेतकरीही सुगीला स्वस्त विकतात आणि पुढे स्वतःच्या घरासाठी तोच मका महाग घेतात. शाळेचं वर्ष तिथे जानेवारीत सुरू होतं, म्हणजे सुगी संपते न संपते तोच फीची तारीख. ऐकलेलं वाटतंय ना? अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काही शेतकऱ्यांना सुगीच्या वेळीच छोटं कर्ज देऊ केलं. शेतकऱ्यांनी मका घरात ठेवला आणि भाव चढल्यावर विकला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गुंतवणुकीवर २९ टक्के परतावा मिळाला. नवं बियाणं नाही, नवं खत नाही, फक्त कर्जाची तारीख बदलली.

पण त्या प्रयोगातली खरी मेख पुढे आहे. काही भागांत मुद्दाम जास्त शेतकऱ्यांना कर्ज देऊ केलं होतं. तिथल्या बाजारात सुगीचा भाव तेवढा पडला नाही आणि नंतरचा तेवढा चढला नाही. म्हणजे साठवणाऱ्याचा नफा घटला, आणि ज्यांनी कर्ज घेतलंही नव्हतं त्यांना मात्र फायदा झाला. सगळ्या गावाने चाळी बांधल्या तर ऑक्टोबरची तेजी येणारच नाही, अशी कुरकुर आपल्याकडे पारावर ऐकू येते. कुरकुर खरी आहे. पण भाव वर्षभर सपाट राहणं हे एकट्या मामांना फायद्याचं नसलं तरी जिल्ह्याला नक्कीच आहे, आणि मुंबईत पाव किलो कांदा घेणाऱ्या बाईलाही.

आपल्याकडे शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम कमी व्याजाने उचला. यादीत बेदाणा आहे, कांदा नाही. कारणही उघड आहे. सावकार असो की बँक, सहा महिन्यांत तिसरा हिस्सा सडणारी वस्तू तारण कोण घेणार? इथे रसायन आणि अर्थकारण यांची गाठ बसते. माल टिकतो हे सिद्ध झाल्याशिवाय त्यावर कर्ज मिळत नाही, आणि कर्ज नाही म्हणून तो नीट टिकवायला पैसा नाही.

ही गाठ दुसरीकडे सुटलेली आहे. पश्चिम आफ्रिकेत चवळीला भुंगा लागायचा, म्हणून सुगीत मिळेल त्या भावाने ती विकून टाकायचे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मरडॉक यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये काम सुरू केलं आणि त्यातून तीन पदरी पोतं तयार झालं. आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं, तोंड घट्ट आवळलेलं. आतले किडे श्वासाने प्राणवायू संपवतात आणि स्वतःच आटोपतात. ते नुसते गुदमरून मरत नाहीत. कोरडं धान्य खाणारा किडा शरीराला लागणारं पाणी प्राणवायूच्या मदतीने अन्नातूनच तयार करतो. प्राणवायू संपला की पाणीही संपतं. विष नाही, धूर नाही, आणि चवळी महिनोन्महिने शाबूत.

कांद्याला असं पोतं चालणार नाही, तो गुदमरून सडेल. त्याच्यासाठी लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने या शतकाच्या सुरुवातीला ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र उभं केलं. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात. ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) एवढी मात्रा आतल्या डोळ्यातल्या पेशींची विभागण्याची ताकद मोडते आणि कोंब येत नाही. कांदा किरणोत्सारी होत नाही, जसा एक्स-रे काढलेला माणूस होत नाही. मग जिल्हाभरचा कांदा तिथून का जात नाही? एक तर कांदा झोपेत असतानाच, काढणीनंतरच्या काही आठवड्यांत, तो तिथे न्यावा लागतो, आणि त्या आठवड्यांत सगळ्या जिल्ह्याचा माल एकदम निघालेला असतो. शिवाय किरण तीनपैकी एकाच शत्रूला मारतात. वजनाची घट आणि सड आपल्या जागी राहते. माझ्या मते विकिरणाचं खरं स्थान दोन अंशांच्या शीतगृहाच्या जोडीला आहे. तिथे सड मंदावते, आणि बाहेर काढल्यावर येणारा कोंब किरणांनी आधीच रोखलेला असतो. चाळीला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहिलं की निराशा होते.

शेजारच्या दिंडोरीत द्राक्षाने हीच लढाई बरीचशी जिंकली. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, गोडी वेलीवरच यावी लागते. तोडल्यापासून काही तासांत घडातली ऊब काढतात, पेटीत गंधकाचा वायू सोडणारा कागद ठेवतात आणि शून्याच्या आसपास थंडावलेला माल कंटेनरमध्ये भरतात. त्यामुळे रॉटरडॅमपर्यंतचे तीन-चार आठवडे तो सोसतो. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजांना आफ्रिकेला वळसा पडला, तरी निर्यात चालू राहिली. अर्थात नुसती थंडी पुरत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि कित्येक बागायतदार कर्जात बुडाले. त्यानंतर तपासणी कडक झाली, आणि मोहाडीच्या सह्याद्रीसारख्या शेतकऱ्यांच्या कंपन्यांनी पॅकहाउस आणि शीतगृह स्वतःच्या मालकीची केली. एकट्या दुकट्याला हे झेपलं नसतं.

कांद्याला एक जास्तीचा शत्रू आहे, त्याच्यावर कोबाल्टही चालत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत. शुल्क पूर्ण निघायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. शहरातल्या ग्राहकाला दिलासा हवा, हे समजतं. पण ज्याने चांगली चाळ बांधली, घट कमी केली आणि थांबण्याचं धाडस केलं, नेमका तोच अशा निर्णयात सापडतो. एप्रिलमध्ये घाईने विकून मोकळा झालेला सुटतो. असं दोन-तीनदा झालं की शेतकरी काय शिकतो, ते शुल्ट्झला विचारायला नको.

हल्ली चाळीत ठेवायचे संवेदक मिळतात. तापमान, दमटपणा आणि सडताना निघणारे वायू ते मोजतात आणि मोबाइलवर इशारा पाठवतात. गेल्या वर्षी मामांनी एक लावून पाहिला. सप्टेंबरच्या एका रात्री त्याने तिसऱ्या कप्प्याचा इशारा दिला. सकाळी मामा तिथे गेले, वास घेतला, काहीच नाही म्हणाले. तरी मामींनी बाया लावून थर उपसायला घेतला. खाली, फळीजवळ, टोपलीभर कांदा बसलेला निघाला. मामांनी तो बांधावर टाकला, उरलेला उन्हात पसरला आणि मोबाइलवर लासलगावचा भाव पाहिला. मग म्हणाले, ‘हा कप्पा आज फोडू. बाकीचे दिवाळीपर्यंत राहू दे.’